बुडालो नाही, म्हणून कळवते

१४ नोव्हेंबर

कट्टी घेतलेल्या ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला बोटीत जागा नाही आणि वाकायला उभी राहिले तर डोकं छताला आपटतं. म्हणून बसल्या बसल्याच केला आहे, गोड मानून घे.

निघताना तू म्हणाली होतीस, "बोट बुडाली तर मला कळवू नकोस." तुझा शब्द मी कधी मोडला आहे? बोट बुडालेली नाही, म्हणून कळवते. आणि जोवर बुडत नाही तोवर कळवत राहणार. माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, त्याला इलाज नाही. पण पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी बाई बहिणीचं पत्र फाडणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

आता ऐक. काल मी बोट चालवली. एकटीने, शिडावर, इंजिन बंद करून. इंजिन बंद झालं की आधी सगळं संपलं असं वाटतं. मग दोर करकरतात, बोट एका अंगावर कलते आणि बाजूने पाणी सळसळत पळायला लागतं. धूर नाही, आवाज नाही, कोणी ढकलत नाही, आणि एवढं घर भांड्याकुंड्यांसकट चाललं आहे. मी अक्षरशः किंचाळले. शेजारून जाणाऱ्या मासेमारांच्या होडीतल्या माणसांनी आम्हाला मदत हवी आहे असं समजून होडी वळवली. कप्तानाने (तुझ्या मेहुण्याला आता मी असंच म्हणते) हात हलवून त्यांना सांगितलं, काही नाही, आनंद झालाय.

सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. माझं आधी सगळं उलटंपालटं होत होतं. कप्तान म्हणाला, तुला सांगितलेल्याच्या उलट करायची सवय दिसते. मी म्हटलं, थोरल्या बहिणीच्या हाताखाली वाढलं की ती आपोआप लागते.

घर केवढं म्हणशील, तर दुकानाची ट्रायल रूम आणि वरचा पोटमाळा जोडला तर जेवढं होईल तेवढं. स्टोव्ह दोन कड्यांवर टांगलेला आहे. बोट कलली तरी तो सरळच राहतो, त्यामुळे चहा सांडत नाही, फक्त चहा करणारी सांडते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि टाकीतलं गोड पाणी फक्त शेवटच्या विसळणीला. सकाळी उठलं की डेकवर येऊन पडलेले उडते मासे गोळा करायचे. आपल्या आयुष्यात कधी बाजार असा दारात आला होता का? हाताने फिरवायचं शिलाई मशीन चार बोल्टांनी टेबलाला पक्कं केलंय. ती माझी एकच अट होती, हे तुला माहीत आहे.

बाकांच्या निळ्या खोळी तू बेतलेल्या. बसले की रोज तुझी आठवण येते, आणि तू काय म्हणाली असतीस तेही ऐकू येतं. "मीच खोळी बेतल्या आणि त्याच खोळींवर बसून ही पळाली." जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा एक विधुर माणूस बोटीच्या गाद्या शिवायला टाकतो काय, आणि गाद्या शिवणारीलाच घेऊन जातो काय. तुला राग आला तो मला समजतो. लग्नाच्या कचेरीत साक्षीदार म्हणून सही केलीस आणि पेनाला टोपण न लावता निघून गेलीस. ते टोपण माझ्या पर्समध्ये आहे.

बोटीच्या नाकाशी एक छोटी खोली आहे, तिथली फळी तिकोनी आहे. झोपायला चांगली ऐसपैस, पण सध्या तिच्यावर शिडांच्या पिशव्या असतात, आणि तिकोनी गादीला कुठली चादर बसणार? पण पिशव्या हलवता येतात, एवढंच सांगते.

तुझा चष्मा सापडतो का गं? तुझ्या गादीच्या खोळीला डाव्या अंगाला मी चष्म्याचा खिसा शिवला होता, तो निघायच्या आठवड्यात उसवला होता. दुरुस्त करायचा राहून गेला. उशाखाली ठेवू नकोस, मोडशील.

दोन-तीन महिन्यांचा फेरफटका आहे, मग बघू. पाकिटाच्या मागे पुढच्या बंदराच्या कचेरीचा पत्ता लिहिला आहे. तिथे बोटींचं टपाल सांभाळून ठेवतात.

तुझी, अजून तरंगणारी,
धाकटी

३ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र नव्हतं. असू दे. मी पण काही कमी चिवट नाही.

तीन दिवसांपूर्वी आम्ही एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. पाणी इतकं नितळ की नांगर वाळूत रुतताना वरून दिसला. पोहायचा चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं आणि खालच्या खडकांवर माशांची जी वर्दळ दिसली, ती पाहून मला आपलं लग्नसराईतलं दुकान आठवलं. कोणी केशरी, कोणी जांभळं, एका माशाच्या अंगावर तर आपण कधी जमवलं नसतं असं पिवळ्या-काळ्याचं कॉम्बिनेशन. तू असतीस तर म्हणाली असतीस, हा रंग गिऱ्हाइकाच्या माथी कोणी मारला. मी हसले आणि नाकातोंडात पाणी गेलं.

निघताना डॉल्फिन आले. बोटीच्या नाकाशी उलटे होऊन आमच्याकडे बघत पोहत होते. कप्तानासारखा माणूस, ज्याला बोलतं करायला इंजिन बिघडावं लागतं, तो डेकवर पालथा पडून त्यांच्याशी बोबडं बोलत होता.

आणि धंदा म्हणशील तर जोरात आहे. या किनाऱ्याला बोटीत राहणारे बरेच आहेत आणि सगळ्यांच्या छताच्या ताडपत्र्या फाटलेल्या. एका बोटीला सावलीचा पडदा शिवून दिला, तेव्हापासून बंदरात आम्ही पोचायच्या आधी खबर पोचते. मला सगळे 'टीपवाली' म्हणतात. मोबदल्यात मासे, नारळ, एकदा तर जुनी दुर्बीण मिळाली. पण ताई, बेतायचं काम आलं की मी चक्क नाही म्हणते. सरळ कापड असेल तर ठीक. गोलाई आली की माझ्या हातात कात्री थांबते. तुझ्या खडूची रेघ पुढे असल्याशिवाय मी आयुष्यात कात्री चालवलेली नाही.

गुंडीवाल्या काकूंशी फोनवर बोलले. चिडू नकोस, समोरच त्यांचं दुकान, त्यांना दिसतं ते त्या सांगणारच. म्हणाल्या, शटर अर्धंच उघडं असतं. शिवायला दोन बायका येऊन गेल्या, तू दोघींनाही परत पाठवलंस. गिऱ्हाइकांची कापडं बेतून, घड्या घालून फळीवर पडली आहेत आणि माझ्या मशीनवरचं कव्हर काही निघालेलं नाही. ऐकून मला रात्रभर चैन पडलं नाही. तू बेतायचंस, मी शिवायचं, यापलीकडे आपण कधी विचारच केला नाही. तू एक साधी टीप मारायला बसली नाहीस आणि मी एक साधी बाही कापली नाही. एकीने बाहेर पाय टाकला की दुकान लंगडणार, हे मला कळत होतं. तरी मी टाकला. आणि ताई, खोटं कशाला लिहू, पुन्हा टाकेन.

आता एक खरं सांगते. मागच्या पत्रात "मग बघू" लिहिलं होतं, ते मी घाबरून लिहिलं. मार्चच्या सुरुवातीला वारा फिरतो. तो फिरला की आम्ही हा किनारा सोडून समुद्रापलीकडे जाणार. तिकडून कधी परतू, हे कप्तानालाही सांगता येत नाही. मी तुला परवानगी मागत नाही. पण अशी कट्टी घेऊन मला जायचं नाही. एकदा ये. बोटीवर चढून मला चार शिव्या दे, हव्या तर कप्तानाला आठ दे. पण ये.

बाकी सगळं ठीक. मध्ये थोडा वारा लागला होता, मोठं शीड जरासं उसवलं. काळजीचं काही नाही.

धाकटी

२२ डिसेंबर

ताई,

'थोडा वारा' नव्हता. लपवून काय करू, माझं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील.

त्या दिवशी दुपारी आभाळ एका बाजूने काळं झालं आणि कप्तानाने "शीड उतरव" म्हणेपर्यंत वारा येऊन आदळलासुद्धा. बोट इतकी कलली की बाकाखालची भांडी छताला लागली. मी डोलकाठीच्या बुंध्याशी स्वतःला दोराने बांधून घेतलं होतं आणि ओल्या कापडाशी झोंबत होते. तेवढ्यात शीड मधोमध टरकन फाटलं. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. माझ्या तोंडून "ताई" निघालं. कप्तानाला वाटलं मला लागलं. मी म्हटलं, नाही, जुनी सवय आहे.

वारा आला तसा गेला. संध्याकाळी आम्ही दोघं ओलेचिंब बसून चहा प्यालो आणि वेड्यासारखे हसत सुटलो. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि आपण जिवंत आहोत हेही इतकं कधी जाणवलं नव्हतं. हे वाचून तुझ्या अंगाचा तिळपापड होईल, पण आहे ते असं आहे.

आता माझा पराक्रम ऐक आणि हस.

इथल्या धक्क्यावर एक मोठी शेड आहे. कप्तान पाणी आणि डिझेल आणायला गेला. मी शेडमध्ये शीड पसरलं आणि टीप मारायला बसले. चार तास खाली मान घालून शिवलं. फाटलेलं असं जोडलं की तुलाही उलटी बाजू बघायला मागावी लागली असती. मग कौतुकाने उभी राहून बघते तर काय, शिडाची डोलकाठीकडची कड सरळ नाही. मधोमध चांगली वीतभर बाहेर आलेली. मला वाटलं, जुनं कापड आहे, झोळ आलाय. पडद्यांना येतो तसा. किती पडद्यांचे झोळ काढले आपण? मी दोरी ताणली, खडूने रेघ मारली आणि ती फुगलेली कड कापून टाकली. पट्टी दुमडून दुहेरी टीप मारली. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या रेघेशिवाय लांबलचक कापलं आणि एक सूतसुद्धा चुकलं नाही. मी स्वतःवरच खूश झाले.

कप्तान आला, टीप बघून म्हणाला, काय हात आहे. त्यालाही काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी शीड चढवलं. पाटासारखं सपाट. वारा आला, त्याला थोपटून निघून गेला. बोट पुढे जायची ती खेकड्यासारखी आडवी सरकायला लागली. कप्तानाने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. मग चहा टाकला. तो चहा टाकायला लागला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

मग म्हणाला, "अगं, शिडाला पोट लागतं. ती गोलाई मुद्दाम ठेवलेली होती."

डोलकाठी सरळ, कड गोल. गोल कड सरळ काठीला बांधली की ते जास्तीचं कापड मध्ये जातं, तिथे पोट येतं आणि पोटात वारा धरला जातो. कुठल्याही शीड शिवणाऱ्याला हे ठाऊक असतं. पडदे शिवणारीला मात्र फुगलेली कड दिसली की हात शिवशिवतात. तो म्हणाला, मला हसू येतंय, पण मी आत्ता हसणार नाही. मी म्हटलं, हस, नाहीतर मी रडेन. मग तो हसला आणि मी रडले.

रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, ही तर ब्लाउजचीच गोष्ट आहे. सपाट कापडाला अंगाचा आकार तूच देतेस. टक्स कुठे घ्यायचे, किती घ्यायचे, ते तुझ्या बोटांत आहे. मी नुसती तुझ्या रेघेवरून धावते.

अडचण अशी की पुढे एक भूशीर आहे. ते वाऱ्याविरुद्ध वळसा घालून ओलांडायचं, मग पलीकडच्या बंदरातून समुद्रात निघायचं. सपाट शिडाने ते होत नाही, आणि आमचं इंजिन बंदरात आत-बाहेर करण्यापुरतंच. शीड शिवणाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे इतकी कामं आहेत की आमचा नंबर वारा फिरून गेल्यावर लागेल.

म्हणून सोबत मापं पाठवते. तिन्ही कडा, कापडाच्या पट्ट्यांची रुंदी, मी कापलेली पट्टी जशीच्या तशी, आणि कप्तानाने काढलेलं चित्र. त्यात तो डोलकाठीशेजारी उभा आहे, उंचीचा अंदाज यावा म्हणून. नाक मोठं आलंय, पण आहेच मोठं. तुला वाटेल, बोलणं काढायला हिने निमित्त शोधलं. अर्धं तसंच आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, ताई. नुसतं बेत.

धाकटी

१७ जानेवारी

ताई,

इथल्या बंदराच्या कचेरीत टपाल बघणाऱ्या बाई आता मला लांबून बघूनच मान हलवतात. त्यांना वाईट वाटतं म्हणून मी जाताना काहीतरी शिवून नेते. त्यांच्या खुर्चीची उशी झाली, कचेरीचे पडदे झाले. पडद्यांचे झोळ उत्तम काढले आहेत.

मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. जुन्या चादरीवर गोलाई आखली, कापली, कच्चे टाके घालून शिडाला जोडली. पोट आलं, पण भलतीकडे. शीड असं दिसत होतं, जणू त्याला गळू झालंय. शेजारच्या बोटीवरचे नवराबायको शहाणे आहेत, त्यांनी दुसरीकडे बघितलं.

एकेक बोट भूशिराकडे निघून चालली आहे. निघताना भोंगा वाजवतात, आम्ही हात हलवतो. काल कप्तान म्हणाला, माघारी फिरू या. मागे जायला वारा पाठीशी आहे, सपाट शीडसुद्धा चालेल. तू ताईंना भेटशील, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. किती भला माणूस आहे बघ. त्याने या एका सफरीसाठी वर्षानुवर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम केलंय.

घटकाभर मला वाटलंही, फिरावं. आपला जिना चढावा, माझ्या मशीनचं कव्हर काढावं. पण मग तू दारात उभी दिसलीस. तू काही बोलली नसतीस, फक्त "बघ" अशी नजर टाकली असतीस, आणि आपण दोघी पुन्हा पहिल्यासारख्या कामाला लागलो असतो. मला हरून तुझ्याकडे यायचं नाही गं. मला तू इथे यायला हवी आहेस. हे पाणी तुला दाखवायचं आहे. सकाळी ते कुठल्या रंगाचं असतं ते मला सांगता येत नाही. तुला नाव ठाऊक असेल, तू सगळ्या रंगांना नावं देतेस.

राग आलाय मला तुझा. आठ वर्षांची होते तेव्हा पाटी फोडली म्हणून तू अशीच अबोला धरून बसली होतीस. तेव्हाही शेवटी मीच बोलले. या वेळीही मीच बोलते आहे. माझ्या शाईला काही मर्यादा आहे का नाही?

कप्तानाला सांगितलंय, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबू. तोवर काही आलं नाही तर माघारी.

धाकटी

६ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

आलं. पार्सल आलं. टपालाच्या बाई स्वतः धक्क्यापर्यंत धावत आल्या, चप्पल हातात घेऊन.

चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. तुझ्याकडून मी वेगळी अपेक्षाही केली नव्हती. निळ्या कापडात घट्ट बांधलेली कागदाची गुंडाळी, आणि कागदावर तुझ्या निळ्या खडूच्या रेघा. मी ती गुंडाळी धक्क्यावरच उलगडली. वारा कागद उडवायला लागला तेव्हा कप्तान, टपालाच्या बाई आणि दोन अनोळखी माणसं चारी कोपऱ्यांवर बसली. मी मधोमध गुडघे टेकून वाचत होते. हो, वाचत होते. इथे ताण, इथे सोड, इथे सुरुवात कर, इथे घाई नको. आपल्या खुणा दुसऱ्या कोणाला कळणार? बाण, फुली, दोन ठिपके. तुझा आवाजच ऐकू येत होता, आणि तो नेहमीसारखा खेकसतच होता.

गोलाई तू सलग नाही ठेवलीस. खाली जास्त, वर जाता जाता कमी. आणि खालच्या कोपऱ्याशी चक्क दोन टक्स, ब्लाउजला घेतेस तसे. कप्तान कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणाला, ताई कधी शिडाच्या बोटीत बसल्या होत्या का? मी म्हटलं, ती तर भाजीवाल्याच्या हातगाडीलाही टेकत नाही.

कापड कुठून मिळवायचं तो प्रश्न शेजारच्या बोटीने सोडवला. त्यांचं जुनं शीड त्यांनी दिलं. मी उद्यापासून शेडमध्ये बसते. तुझं निळं कापड दुहेरी करून गुडघ्यांखाली घेईन, फरशी फार टोचते.

धाकटी

१३ फेब्रुवारी

ताई,

काल दुपारी शीड चढवलं.

वर जाताना ते फडफडत होतं आणि मला खाली बघवत नव्हतं, वरही बघवत नव्हतं. मग कप्तानाने दोर ओढला, फडफड थांबली आणि सगळं एकदम शांत झालं. मी मान वर केली. पोट आलं होतं. खालून वर हळूहळू निमुळतं होत गेलेलं, एक सुरकुती नाही. बोट अशी उठली की स्टोव्हवरचं झाकण घरंगळत गेलं. आम्ही भूशिराच्या दिशेने, वाऱ्याच्या नाकाला नाक लावून, आडवं-तिडवं करत पार त्या दीपगृहाच्या समोरपर्यंत गेलो आणि परत आलो. काही गरज नव्हती. नुसता जीव राहवेना. धक्क्यावरच्या बोटींनी भोंगे वाजवले. मी त्यांना ओरडून सांगत होते, हे माझ्या ताईने बेतलंय. कप्तान सुकाणूशी बसून डोळे पुसत होता आणि म्हणत होता, खारं पाणी उडतंय.

आता खरी गोष्ट.

संध्याकाळी आवराआवर करताना तुझं ते निळं कापड झटकायला घेतलं. आठवडाभर त्याच्यावर गुडघे टेकून बसले होते, तेलाचे डाग, दोऱ्यांचे तुकडे. झटकलं तर एका कडेला इलॅस्टिक. मला कळेना, बांधायच्या कापडाला इलॅस्टिक कशाला? पूर्ण उलगडलं. तिकोनी निघालं.

आधी मी शिलाई बघितली, सवयच आहे. टीप कुठे मोठी, कुठे बारीक, वळणावर दोरा गोळा झालेला, एका ठिकाणी उसवून पुन्हा मारलेली. असली टीप मी शिकाऊ मुलीलाही उसवायला लावली असती. हे कोणाच्या हातचं काम, तेच मला समजेना. आणि मग समजलं. ताई, तू माझ्या मशीनवर बसलीस. कव्हर काढलंस. या वयात पाय चालवायला शिकलीस, कोणाला विचारलं नाहीस, आणि सगळं वाकडं शिवलंस. मी ती वाकडी टीप किती वेळ बोटाने चाचपत होते.

मग मी पुढच्या खोलीत गेले, पिशव्या बाहेर फेकल्या आणि ती चादर तिकोनी गादीवर घातली. अंगासरशी बसली. कुठे बोटभरही सैल नाही. पण मी तर तुला त्या फळीचं माप कधी पाठवलंच नव्हतं. कप्तानाला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "बाकांची मापं घ्यायला आल्या होत्या ना ताई, तेव्हा त्यांनी त्या फळीचंही माप घेतलं होतं. मी म्हटलं, राहू द्या, तिथे कोणी झोपत नाही. त्या म्हणाल्या, आज नाही झोपत."

इतकी वर्षं बाजूला बसून शिवलं, पण तुझ्या मनात काय बेत असतो ते मला कधी कळलं नाही.

आणि डाव्या अंगाला, उशाशी, एक खिसा आहे. टेढा, तोंडाशी जरा सुटलेला, अगदी चष्म्याच्या मापाचा.

मी तिथेच बसून रडले. कप्तानाने चहा टाकला. मी त्याला सांगितलं, या वेळी काही गंभीर नाही.

आम्ही वाऱ्यासाठी थांबलेलो नाही, आता तुझ्यासाठी थांबलो आहोत. वारा फिरला तर फिरू दे. बस थांबते त्या स्टँडवर मी रोज असेन. रबरी तळाच्या चपला आण, एक टोपी आण, कपडे कमी आण, धुवायला पाणी नसतं. शिव्या हव्या तेवढ्या आण. तो खिसा मी उसवलेला नाही आणि सरळही केलेला नाही.

चष्मा विसरू नकोस. ठेवायला जागा आहे.

तुझी,
धाकटी